प्रोटॉनच्या स्पिनमध्ये क्वार्कचा वाटा किती? नागपूरच्या बैठकीत वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान बीएस्सी-एमएस्सीच्या मुलामुलींसाठी आहे, आणि त्यांच्या शेजारी येऊन बसणाऱ्या, शाळा सुटून बरीच वर्षं झालेल्या मंडळींसाठीही. धरमपेठ असो, सक्करदरा असो की कामठी, प्रश्न फिरून फिरून तेच येतात, म्हणून एकदा लिहूनच टाकले. शक्य तिथे विचारणाऱ्याचेच शब्द ठेवले आहेत.

ज्यांना फक्त आकडा हवा आहे त्यांच्यासाठी: क्वार्कच्या (प्रोटॉन ज्यांचा बनलेला असतो त्या कणांच्या) स्वतःच्या स्पिनमधून प्रोटॉनच्या स्पिनचा साधारण ३० टक्के भाग येतो. मात्र हा आकडा कुठल्याही यंत्राच्या काट्यावर दिसत नाही. त्यात प्रत्यक्ष मोजलेलं किती, दुसऱ्या प्रयोगातून उसनं घेतलेलं किती आणि गृहीत धरलेलं किती, हे कळल्याशिवाय तो पाठ करून उपयोग नाही.

स्पिन म्हणजे प्रोटॉन खरंच स्वतःभोवती फिरतो का?

नाही. स्पिन हा कोनीय संवेग आहे; तो मोजता येतो, एका कणाकडून दुसऱ्याकडे जातो आणि हिशेबात कधी हरवत नाही. पण त्यासाठी कुठलाही पृष्ठभाग गरगर फिरावा लागत नाही. प्रोटॉनचा स्पिन कुठल्याही दिशेने मोजा, उत्तर दोनच: अधिक अर्धा किंवा उणे अर्धा. एकक आहे ‘एच-बार’, म्हणजे सुमारे १.०५ × १०⁻³⁴ जूल-सेकंद.

प्रकाशाच्या कणालाही, म्हणजे फोटॉनलाही, स्पिन असतो आणि तो एक असतो. १९३१ साली चंद्रशेखर वेंकट रमण आणि भगवंतम यांनी विखुरलेल्या प्रकाशाच्या ध्रुवणावरून याचा प्रायोगिक पुरावा मांडला. गांधीसागरजवळच्या आपल्या विज्ञान केंद्राला ज्यांचं नाव आहे तेच हे रमण. १९१० साली ते सरकारी वित्त खात्याच्या नोकरीत नागपुरात होते. लोकांना ‘रमण परिणाम’ ठाऊक असतो, फोटॉनच्या स्पिनचं काम सहसा कुणी सांगत नाही. इथे ते सांगण्याचं कारण म्हणजे क्वार्कचा स्पिन मोजायला हाताशी असलेलं हत्यार फोटॉनचा स्पिन हेच आहे.

प्रोटॉनचा स्पिन अर्धा आहे हे कधी कळलं?

१९२७ साली डेव्हिड डेनिसन यांनी थंड हायड्रोजन वायूच्या उष्णताधारकतेचं कोडं सोडवताना ते दाखवलं. १९३३ मध्ये ऑटो श्टेर्न आणि सहकाऱ्यांनी प्रोटॉनचं चुंबकीय आघूर्ण (तो किती बळकट चुंबक आहे याचं माप) मोजलं, तर ते बिंदुवत कणाला शोभेल त्याच्या अडीच पट निघालं. आजचा आकडा २.७९ आहे. प्रोटॉनच्या आत काहीतरी रचना आहे याची ती पहिली कुणकुण, क्वार्कची कल्पना येण्याच्या तीस वर्षं आधीची.

मॅडम, तीन क्वार्क, प्रत्येकाचा स्पिन अर्धा. दोन वर, एक खाली. झाला की अर्धा! यात अडचण कुठे आहे?

हा प्रश्न विचारणाऱ्याला शाबासकीच द्यावी लागते, कारण १९६४ नंतर बरीच वर्षं भौतिकशास्त्रज्ञही जवळजवळ असंच मानत होते, आणि ते उगीच नव्हतं. दोन ‘अप’ आणि एक ‘डाउन’ क्वार्क अशा साध्या चित्रातून न्यूट्रॉन आणि प्रोटॉन यांच्या चुंबकीय आघूर्णांचं गुणोत्तर उणे दोन-तृतीयांश, म्हणजे −०.६६७ येतं. प्रयोगात ते −०.६८५ आहे. इतक्या साध्या चित्राने इतकं जवळ नेल्यावर त्यावर कोण शंका घेणार?

त्या चित्रात अप क्वार्कचा एकूण वाटा ४/३, डाउनचा −१/३, बेरीज एक. म्हणजे शंभर टक्के. पण एक कुसळ डोळ्यात होतंच. अपच्या वाट्यातून डाउनचा वाटा वजा केला की चित्राप्रमाणे ५/३, म्हणजे १.६७ यायला हवं. हीच वजाबाकी न्यूट्रॉनच्या बीटा-ऱ्हासातून (न्यूट्रॉन मोडून त्याचा प्रोटॉन होतो त्यातून) स्वतंत्रपणे मिळते, आणि ती १.२७ आहे. क्वार्क प्रोटॉनमध्ये प्रकाशाच्या वेगाजवळ धावतात, हे धरलं की त्यांच्या स्पिनचा काही भाग कक्षीय गतीत (आतल्या आत फिरण्यात) जातो आणि वाटा साठ टक्क्यांच्या आसपास येतो. १९७४ मध्ये एलिस आणि जॅफी यांनी स्ट्रेंज या तिसऱ्या जातीच्या क्वार्कचा वाटा शून्य धरून केलेलं भाकीतही त्याच घरातलं. तेव्हा साठ टक्के निघाले असते तर कुणाची झोप उडाली नसती.

मग १९८८ साली नेमकं काय झालं?

सर्न प्रयोगशाळेत युरोपियन म्युऑन कोलॅबोरेशन, म्हणजे ‘ईएमसी’, या गटाने ध्रुवित (बहुतेकांचा स्पिन एकाच दिशेला असलेल्या) म्युऑनचा, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या जड भावंडाचा, झोत ध्रुवित प्रोटॉनवर मारला. त्याआधी अमेरिकेत स्लॅकमध्ये अशी मोजमापं झाली होती, पण ती प्रोटॉनच्या संवेगाचा मोठा हिस्सा घेऊन चालणाऱ्या क्वार्कपुरती होती. ईएमसीने लहान हिस्सेवाल्या क्वार्कपर्यंत मजल मारली आणि तिथे असममिती (स्पिन उलटवल्यावर टक्करींच्या संख्येत पडणारा फरक, पुढे येतोच) अपेक्षेपेक्षा कमी पडली. सगळ्या हिश्शांवर बेरीज केल्यावर एलिस-जॅफींच्या ०.१८९ च्या जागी ०.१२६ आलं (ही बेरीज कशाची ते पुढे येतं). त्यातून क्वार्कचा वाटा काढला तर सुमारे १२ टक्के, आणि त्रुटी धरली तर शून्यही चालेल असा.

‘स्पिन संकट’ हे नाव तेव्हाच पडलं. माझ्या मते ते जरा भडकच आहे. त्या १२ टक्क्यांवर सांख्यिकीय त्रुटी ९ ची आणि पद्धतीतली १४ ची होती. आजचे ३० टक्के त्या पट्ट्यात निवांत बसतात. ईएमसीचं मोजमाप चुकलेलं नव्हतं, बातमी मात्र ‘क्वार्कना स्पिनच नाही’ अशी पसरली. फायदा एवढा झाला की पुढची तीन दशकं या एका प्रश्नासाठी सर्न, स्लॅक, हॅम्बुर्ग, ब्रुकहेवन आणि जेफर्सन लॅब अशा पाच ठिकाणी यंत्रं उभी राहिली.

क्वार्क सुटा काढता येत नाही. मग त्याचा स्पिन कुठल्या बाजूला आहे हे कळतं कसं?

सगळ्या पानातला हाच उतारा नीट वाचा.

वेगवान म्युऑन किंवा इलेक्ट्रॉन प्रोटॉनजवळून जाताना त्याच्याकडे एक आभासी, म्हणजे क्षणभरच टिकणारा, फोटॉन फेकतो. ऊर्जा पुरेशी असेल तर तो फोटॉन अख्ख्या प्रोटॉनवर न आदळता आतल्या एकाच क्वार्कवर आदळतो. म्युऑन ध्रुवित असेल, तर फोटॉनही आपल्या दिशेने अधिक एक किंवा उणे एक असा ठरावीक स्पिन घेऊन येतो.

आता हिशेब करा. फोटॉनचा स्पिन अधिक एक. क्वार्कचा स्पिन फक्त अधिक अर्धा किंवा उणे अर्धा असू शकतो, टक्करीच्या आधीही आणि नंतरही. क्वार्क आधीच अधिक अर्धा असेल तर फोटॉन गिळल्यावर बेरीज दीड होईल, आणि दीड स्पिनचा क्वार्क नसतो. म्हणजे ती टक्कर होऊच शकत नाही. क्वार्क उणे अर्धा असेल तर बेरीज अधिक अर्धा, ही चालते. थोडक्यात, फोटॉन फक्त आपल्या उलट्या स्पिनच्या क्वार्कलाच लागतो.

म्हणून प्रोटॉनचा स्पिन फोटॉनच्या उलट ठेवला की टक्करी त्या क्वार्कच्या मोजल्या जातात ज्यांचा स्पिन प्रोटॉनच्या बाजूने आहे. प्रोटॉन उलटवला की प्रोटॉनच्या विरुद्ध स्पिनवाले क्वार्क मोजले जातात. दोन्ही मोजण्यांची वजाबाकी भागिले बेरीज, याला असममिती म्हणतात. क्वार्क कोणाला दिसला नाही; टक्करीनंतर बाहेर पडलेल्या म्युऑनचा कोन आणि ऊर्जा तेवढी डिटेक्टरने टिपली. त्या दोन गोष्टींवरून क्वार्ककडे प्रोटॉनच्या संवेगाचा किती हिस्सा होता हेही निघतं. त्या हिश्शाला आपण ‘क्ष’ म्हणू. तो शून्य ते एक यांच्या मध्ये कुठेही असतो.

एक अट लक्षात असू द्या. फोटॉन विद्युतभार ओळखतो, आणि तोही वर्गाच्या प्रमाणात. अपचा भार २/३ म्हणून त्याचं वजन ४/९, डाउनचं १/९. क्वार्कना बांधून ठेवणाऱ्या ग्लुऑनला भारच नाही, त्यामुळे तो या प्रयोगाला थेट दिसत नाही.

ध्रुवित झोत येतो कुठून?

म्युऑनच्या बाबतीत निसर्गच तो तयार करून देतो. प्रोटॉनचा झोत बेरिलियमवर मारला की पायॉन नावाचे अल्पायुषी कण निघतात, काही शे मीटरच्या बोगद्यात ते मोडून म्युऑन आणि न्यूट्रिनो होतात. न्यूट्रिनो कायम डावखुरा (स्पिन नेहमी गतीच्या उलट), पायॉनचा स्पिन शून्य, त्यामुळे म्युऑनचा स्पिन आपोआप ठरतो. पायॉनची बहुतेक ऊर्जा घेऊन पुढे निघालेले म्युऑन निवडले की सुमारे ८० टक्के ध्रुवण मिळतं.

स्लॅक आणि जेफर्सन लॅबमध्ये गॅलियम आर्सेनाइडच्या पृष्ठभागावर वर्तुळाकार ध्रुवित लेझर टाकून ध्रुवित इलेक्ट्रॉन काढतात. हॅम्बुर्गच्या हेरा या वर्तुळाकार त्वरकात आणखी वेगळी गंमत होती: गोल फिरणारे इलेक्ट्रॉन किरणोत्सर्ग करता करता अर्ध्याएक तासात स्वतःच ध्रुवित होत.

आणि प्रोटॉनचे स्पिन एका दिशेला वळवतात कसे? मोठा लोहचुंबक ठेवून?

नुसत्या चुंबकाने काम भागत नाही, आणि हे समजायला एमआरआयचं उदाहरण सोयीचं आहे. १.५ टेस्लाच्या मशीनमध्ये आडव्या झालेल्या माणसाच्या शरीरातले हायड्रोजनचे प्रोटॉन चुंबकाच्या बाजूने आणि विरुद्ध जवळजवळ समसमान असतात. बाजूने असणाऱ्यांचं आधिक्य दर दहा लाखांत पाचच्या आसपास. शरीरात पाणी भरपूर म्हणून एवढ्यावर चित्र निघतं. (कायम येणारा उपप्रश्न: क्वार्कचा वाटा ३० टक्केच निघाला म्हणून एमआरआयचं गणित बदलतं का? नाही. तिथे अख्ख्या प्रोटॉनचा स्पिन वापरला जातो, आतली वाटणी कशीही असो.)

इथे मात्र दहा लाखांत पाच घेऊन हाती काहीच लागणार नाही. चुंबक २.५ टेस्लाचा केला आणि तापमान एक केल्विनवर नेलं, तरी प्रोटॉनचं ध्रुवण अर्ध्या टक्क्याच्याही खाली, सुमारे पाव टक्का. त्याच परिस्थितीत इलेक्ट्रॉनचं ध्रुवण मात्र ९० टक्क्यांच्या वर जातं, कारण त्याचं चुंबकीय आघूर्ण प्रोटॉनपेक्षा साडेसहाशे पटीहून मोठं. मग युक्ती अशी की इलेक्ट्रॉनचं ध्रुवण प्रोटॉनला उसनं द्यायचं. घन अमोनियाचे काही मिलिमीटरचे खडे घ्यायचे, त्यांवर आधी इलेक्ट्रॉनचा मारा करून आत सुटे इलेक्ट्रॉन तयार करायचे (त्याने पांढरट खडे जांभळे होतात), मग चुंबकात ठेवून ७० गिगाहर्ट्झच्या आसपासच्या मायक्रोवेव्ह सोडायच्या. वारंवारता किंचित बदलली की ध्रुवणाची दिशा उलटते. ८० टक्के किंवा त्याहूनही जास्त प्रोटॉन एका बाजूला आले की मायक्रोवेव्ह बंद करून तापमान ०.१ केल्विनच्याही खाली न्यायचं. तिथे स्पिन गोठतात आणि आठवडेच्या आठवडे तसेच राहतात.

मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांवर, म्हणजे ३१८ केल्विनवर जातो. सर्नमधल्या कंपास या प्रयोगाचं टार्गेट ०.०६ केल्विनवर होतं. कूलरमध्ये पाणी भरता भरता हे गुणोत्तर एकदा काढून बघा.

हॅम्बुर्गच्या हर्मीस प्रयोगाने बर्फाळ खडे टाळून ध्रुवित वायूच वापरला. वायू विरळ, म्हणून टक्करी कमी, पण नको असलेली भेसळ जवळजवळ नाही. त्यात अणू निवडायची पद्धत १९२२ च्या श्टेर्न-गेरलाख प्रयोगाचीच वंशज. एमएस्सीला जो धडा केवळ इतिहास म्हणून शिकवला जातो, तो इथे रोजच्या कामाला होता.

असममिती किती मोठी असते? मोजायला सोपी असेल ना?

कागदावर आकडे घालू. समजा ‘क्ष’ ०.२ च्या जवळ आहे. तिथे प्रोटॉनची खरी असममिती सुमारे ०.३ असते. छान मोठी वाटते. आता कापाकापी बघा. अमोनियाच्या रेणूत १७ न्यूक्लिऑन (प्रोटॉन आणि न्यूट्रॉन मिळून), त्यांतले ध्रुवित प्रोटॉन तीन. नायट्रोजनमधले चौदा नुसती गर्दी करतात. म्हणून ०.१७ ने गुणा. झोताचं ध्रुवण ०.८. टार्गेटचंही ०.८ धरू. म्युऑनच्या ध्रुवणातला सगळाच भाग फोटॉनला मिळत नाही, त्यासाठी ०.५ धरू. गुणाकार ०.०१६. हजार टक्करींत ५०८ विरुद्ध ४९२!

लहान ‘क्ष’ला, ०.०१ च्या आसपास, खरी असममितीच ०.०५ च्या घरात असते. तीच कापाकापी केली की उरतं ०.००२७. ते दहा टक्के अचूकतेने हवं असेल तर एक कोटी तीस लाखांच्या वर टक्करी नोंदवाव्या लागतात, आणि तेही ‘क्ष’च्या एकेका टप्प्यासाठी.

त्यात डिटेक्टर स्वतः निर्दोष नसतो. डाव्या भागाला उजव्यापेक्षा एक टक्का जास्त दिसत असेल, तर तेवढ्यात सगळा परिणाम बुडाला. यावरचा इलाज आपल्या जुन्या किराणा दुकानातला आहे: तराजूला पासंग आहे अशी शंका आली की माल आणि वजन यांची पारडी बदलून पुन्हा तोलायचं. टार्गेटचे दोन-तीन भाग करून त्यांत प्रोटॉन उलटसुलट दिशांना ठेवतात, म्हणजे एकच झोत दोन्ही प्रकारांतून जातो. शिवाय दर काही तासांनी चुंबकीय क्षेत्र फिरवून सगळ्या दिशा उलटवतात, आणि अधूनमधून मायक्रोवेव्हने नव्याने ध्रुवण करून क्षेत्र तेच ठेवूनही स्पिन उलटे करतात. यंत्राचा पक्षपात कायम राहतो, पण चिन्ह बदलत नाही. खरी असममिती मात्र चिन्ह बदलते.

असममितीवरून ‘३० टक्के’ हा आकडा कसा निघतो?

अज्ञात तीन: अपचा वाटा, डाउनचा वाटा, स्ट्रेंजचा वाटा. समीकरणंही तीनच लागतात.

पहिलं समीकरण या प्रयोगाचं: सगळ्या ‘क्ष’वर बेरीज करून मिळालेला आकडा, ज्यात अपला ४/९ आणि इतर दोघांना १/९ वजन देऊन आलेल्या बेरजेचा अर्धा भाग असतो (छोट्या दुरुस्त्या सोडून). दुसरं न्यूट्रॉनच्या बीटा-ऱ्हासाचं: अप वजा डाउन बरोबर १.२७. तिसरं हायपेरॉन नावाच्या जड कणांच्या ऱ्हासांचं: अप अधिक डाउन वजा दोन स्ट्रेंज बरोबर सुमारे ०.५८. सोडवल्यावर अप +०.८४, डाउन −०.४३, स्ट्रेंज −०.०८. बेरीज ०.३३. डाउन क्वार्कचा स्पिन प्रोटॉनच्या उलट्या बाजूला झुकलेला आहे हे इथे दिसतं. हर्मीसने २००७ मध्ये ०.३३ दिलं, कंपासने ०.२६ ते ०.३६ असा पट्टा दिला.

तीन समीकरणांचा भरवसा सारखा नाही. दुसरं दगडावरची रेघ. तिसरं अप, डाउन आणि स्ट्रेंज यांच्यात सममिती मानून येतं, आणि ती सममिती काटेकोर नाही. पहिल्यातली मेख अशी की बेरीज शून्यापासून करायची असते आणि ‘क्ष’ शून्यापर्यंत कुणीच पोहोचत नाही. ईएमसीची शेवटची नोंद ०.०१ वर, त्यानंतरच्या, सर्नमधल्याच एसएमसी या गटाची ०.००३ वर. त्याखालचा तुकडा अंदाजानेच जोडावा लागतो. मला विचाराल तर या विषयातली खरी अडचण ही आहे, १९८८ चा धक्का नव्हे.

प्रोटॉनमध्ये अप-डाउन असतात. स्ट्रेंज कुठून टपकला?

ग्लुऑनमधून. तो क्षणभर क्वार्क-प्रतिक्वार्कच्या जोडीत फुटतो, त्यात स्ट्रेंजची जोडीही असते. तिचा स्पिनमधला वाटा −०.०८ आहे का, यावर वाद आहे. वरच्या समीकरणांतून तो उणे येतो. पण टक्करीतून बाहेर पडलेले केऑन (स्ट्रेंज क्वार्क असलेले कण) मोजून थेट शोधला तर हर्मीस आणि कंपास दोघांनाही शून्याशी जुळणारा सापडला. या दोघांत मी केऑनवाल्या उत्तराकडे झुकते, कारण सममितीचं गृहीतक मला अधिक कच्चं वाटतं. अर्थात केऑनच्या पद्धतीलाही तिची स्वतःची गृहीतकं आहेतच.

हे सगळं चुकीच्या सिद्धांतावर उभं असलं तर?

त्यासाठी एक कसोटी आहे. जेम्स ब्योर्केन यांनी १९६६ मध्ये दाखवलं की (पहिल्या समीकरणातली) प्रोटॉनची बेरीज वजा न्यूट्रॉनची तशीच बेरीज ही बीटा-ऱ्हासाच्या १.२७ शी बांधलेली असते. यात स्ट्रेंजचं काही लागत नाही. न्यूट्रॉनची मोजमापं ड्युटेरियम आणि हेलियम-३ वापरून झाली, आणि हा नियम टिकला. तो मोडला असता तर मात्र खरंच संकट होतं.

क्वार्कचे ३० गेले, उरलेले ७० कुठे? हरवले काय बा?

हरवलेले काहीच नाही. प्रोटॉनचा अर्धा स्पिन चार ठिकाणांहून जमतो: क्वार्कचा स्पिन, ग्लुऑनचा स्पिन, क्वार्कची कक्षीय गती, ग्लुऑनची कक्षीय गती. १९९० मध्ये रॉबर्ट जॅफी आणि अनीश मनोहर यांनी ही मांडणी केली. १९९७ मध्ये शिआंगदोंग जी यांनी दुसरी मांडणी दिली, जिच्यात क्वार्कचा एकूण कोनीय संवेग प्रयोगातून काढायची वाट आहे. दोन्हींतला क्वार्कच्या स्पिनचा वाटा एकच. बाकीची वाटणी वेगळी पडते. त्यामुळे एका मांडणीतला ग्लुऑन आणि दुसरीतली कक्षीय गती यांची बेरीज करून शंभर भरवू नका. उत्तरपत्रिकेत हे हमखास सापडतं.

ग्लुऑन फोटॉनला दिसत नाही म्हणालात. मग त्याचा स्पिन?

प्रोटॉनवर प्रोटॉन आदळून. ब्रुकहेवनच्या ‘रिक’ या ३.८ किलोमीटर घेराच्या वर्तुळात दोन्ही झोत ध्रुवित ठेवले गेले. फिरता फिरता स्पिन विस्कटू नयेत म्हणून ‘सायबेरियन स्नेक’ नावाचे पीळदार चुंबक बसवले. नाव नोवोसिबिर्स्कमधल्या मूळ कल्पनेवरून पडलं. टक्करीत ग्लुऑन ग्लुऑनवर आदळून निघणाऱ्या कणांच्या फवाऱ्यांची असममिती मोजली. २०१४ च्या विश्लेषणात ‘क्ष’ ०.०५ च्या वर ग्लुऑनचा वाटा सुमारे ०.२ आला, म्हणजे अर्ध्यातला ४० टक्के. त्याखाली काय आहे हे त्या मोजमापांतून नीट ठरत नाही. २०२२ मध्ये काही विश्लेषकांनी वाटा उणे धरूनही ती मोजमापं जुळतात असं दाखवलं. त्यानंतर रिकवरच्या फेनिक्स गटाच्या सुट्या फोटॉनच्या मोजमापांनी उण्याची शक्यता बरीच मागे ढकलली.

कक्षीय गती मोजली का?

अजून पुरती नाही. जेफर्सन लॅबमध्ये प्रोटॉन न फोडता त्यातून एक फोटॉन बाहेर काढणारे प्रयोग त्यासाठी चालतात. महासंगणकावर अवकाश-काळाची जाळी मांडून केलेली गणितं क्वार्कच्या स्पिनचा वाटा ३० ते ४० टक्क्यांत देतात आणि कक्षीय गतीलाही जागा ठेवतात.

याने कोराडीत वीज जास्त बनेल का?

नाही.

यात भारताचं काय?

रिकवरच्या स्टार या डिटेक्टरमध्ये फोटॉन मोजणारा एक भाग भारतीय गटांनी बांधून बसवला होता, मात्र तो जड अणुकेंद्रकांच्या टक्करींसाठी होता. स्पिनच्या बाजूने आपल्याकडे सैद्धांतिक काम चांगलं झालं आहे. पुण्यात जन्मलेल्या आणि बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत राहिलेल्या रोहिणी गोडबोले यांनी मुंबईतल्या सहकाऱ्यांबरोबर २०१२ मध्ये दाखवलं, की आडव्या ध्रुवित प्रोटॉनवर इलेक्ट्रॉन मारून निघणाऱ्या जे-साय कणांची डावी-उजवी असममिती ग्लुऑनच्या गतीबद्दल सांगू शकते. २०२४ मध्ये त्या गेल्या. त्यांनी सुचवलेल्या मोजमापाला लागणारं यंत्र तेव्हा कागदावर होतं.

ते यंत्र कोणतं?

इलेक्ट्रॉन-आयन कोलायडर. २०२० च्या जानेवारीत त्यासाठी ब्रुकहेवनची निवड झाली. रिकच्याच बोगद्यात ते उभं राहायचं आहे. प्रोटॉन २७५ जीईव्हीपर्यंत (जीईव्ही हे ऊर्जेचं एकक), इलेक्ट्रॉन १८ जीईव्हीपर्यंत, दोन्ही झोत सुमारे ७० टक्के ध्रुवित. अमोनिया नाही, त्यामुळे ०.१७ ने गुणायचं नाही. आणि मुख्य म्हणजे ‘क्ष’ ०.०००१ च्या आसपास उतरता येईल. आज अंदाजाने जोडलेला तुकडा तेव्हा मोजलेला असेल. भारतातल्या संस्थाही या तयारीत आहेत.

नागपुरात बसून काही करता येईल का?

येईल, आणि पैसे लागत नाहीत. ‘हेपडेटा’ या खुल्या संकेतस्थळावर ईएमसी, एसएमसी, हर्मीस, कंपास यांचे तक्ते कुणालाही उतरवून घेता येतात. महाविद्यालयाच्या संगणकावर किंवा मोबाइलमधल्या स्प्रेडशीटवरही काम होतं.

सुरुवात अशी करा. कंपासचा प्रोटॉनचा ‘जी-एक’ या राशीचा तक्ता घ्या (असममितीवरून काढलेली ही राशी; पहिल्या समीकरणातली बेरीज हिचीच). ‘क्ष’चा अक्ष लॉग प्रमाणात ठेवून आलेख काढा. प्रत्येक टप्प्याची रुंदी गुणिले ‘जी-एक’ अशी बेरीज करत मोठ्या ‘क्ष’कडून लहानकडे या, आणि प्रत्येक पायरीवर बेरीज किती झाली ते लिहीत जा. शेवटच्या बिंदूच्या खाली मग दोन वेगवेगळे अंदाज जोडा: एकदा ‘जी-एक’ तिथे स्थिर राहतो असं धरून, एकदा तो क्षच्या उणे अर्ध्या घातासारखा वाढतो असं धरून. दोन्ही बेरजा वरच्या तीन समीकरणांत टाका आणि क्वार्कचा वाटा काढा. दोन उत्तरं वेगळी येतील. त्यांच्यातला फरक आणि तक्त्यातल्या मोजमापांची त्रुटी शेजारी शेजारी लिहून आणा, पुढच्या बैठकीत तिथूनच सुरू करू.